नवी हायब्रिड गाडी: घरी काय करावे, कुठे थांबावे

मी पुण्यात राहतो आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या गावी जातो. गाडी आहे टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनसोबत मोठ्या बॅटरीवरच्या विजेच्या मोटरवरही चालणारी. हिच्याआधी १४ वर्षे साधी पेट्रोल गाडी वापरली. तिचे ऑइल, प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड सगळे पार्किंगमध्ये जुनी चटई टाकून स्वतः केले. नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधला मुलगा म्हणाला, "काका, आता हे सगळं विसरा. हायब्रिडला घरी हात लावायचा नाही."

दोन वर्षे गाडी वापरल्यावर सांगतो, ते अर्धेच खरे आहे. काही ठिकाणी हात लावायचाच नाही, आणि ती ठिकाणे कोणती हे नेमके माहीत हवे. बाकीच्या कामांना मात्र मालकाचीच नजर लागते. मेकॅनिक गाडी वर्षातून एक-दोनदा पाहतो. आपण ती रोज पाहतो.

साधी गाडी चालून चालून झिजते. हायब्रिड बऱ्याचदा वापर न झाल्याने बिघडते. सिग्नलच्या गर्दीत इंजिन बराच वेळ बंद असते, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांत ऑइल नीट तापत नाही. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते, त्यामुळे ब्रेकचे पॅड डिस्कला पुरेसे घासत नाहीत आणि गंज धरतो. इंजिनचा स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी लहानच पुरते, आणि गाडी उभी राहिली की तीच आधी उतरते. हे एकदा ध्यानात आले की आपली देखभालीची यादीच बदलते. मारुतीची ग्रँड व्हिटारा हायब्रिड आतून हायरायडरचीच बहीण आहे. इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो आणि होंडा सिटीची हायब्रिड यांची यंत्रणा वेगळी असली तरी खालचे बहुतेक सगळे त्यांनाही लागू आहे. मापे आणि जागा मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यायच्या.

आधी सीमा आखून घ्या

बॉनेट उघडा आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल शोधा. हायरायडरची मोठी बॅटरी १७७.६ व्होल्टची आहे. इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या खोक्यात, हा दाब आणखी वाढवला जातो. ६० व्होल्टच्या पुढचा डीसी प्रवाह माणसाला धोकादायक धरतात. म्हणून नारिंगी केबल, ती जिथे जाते ते खोके, आणि त्यावरचे बोल्ट, यांना कधीही हात लावायचा नाही. स्वच्छ करायला नाही, घट्ट करायलाही नाही. ही केबल गाडीच्या पोटाखालून मागच्या बॅटरीपर्यंत जाते, म्हणून जॅक फक्त दरवाज्याखालच्या पट्टीवर, खाच दिलेल्या जागीच लावायचा.

दुसरा धोका केबलपेक्षा जास्त जवळचा आहे. डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा लागलेला असताना इंजिन गप्प असले तरी ते कोणत्याही क्षणी स्वतःहून सुरू होऊ शकते. त्या वेळी हात पट्ट्यापाशी किंवा पंख्यापाशी असेल तर बोटे जातील. त्यामुळे कोणत्याही कामाआधी माझा क्रम ठरलेला आहे:

१. सपाट जागा, गिअर 'पी'त, पार्किंग ब्रेक लावलेला, मागच्या चाकाला लाकडी ठोकळा.
२. पॉवर बटण बंद. रेडीचा दिवा गेला हे डोळ्यांनी पाहायचे, इंजिनच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.
३. चावी घरात, गाडीपासून लांब. खिशात चावी ठेवून बॉनेटखाली वाकायचे नाही.
४. दहा मिनिटे थांबायचे.

बंद गॅरेजमध्ये गाडी रेडीत ठेवून काम करू नका. इंजिन कधी सुरू होईल हे तुमच्या हातात नसते, आणि धुराला बाहेर जायला वाट नसते.

१२ व्होल्टची बॅटरी: सगळ्यात जास्त लक्ष इथे

पहिल्याच वर्षी आम्ही तीन आठवडे बाहेरगावी होतो. परत आलो तर गाडीचे कुलूपसुद्धा उघडेना. मोठी बॅटरी चांगली भरलेली होती, तरी गाडी मेल्यासारखी. कारण असे की मोठी बॅटरी आणि बाकी गाडी यांच्यामध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात, आणि ते रिले जोडण्याचे काम १२ व्होल्टची बॅटरी करते. ती उतरली की मोठीतली वीज आतल्या आत अडकून पडते. आमच्या बाबतीत दोषी होता डॅशकॅम. उपसाधनांच्या एका दुकानात तो बसवून घेतला होता आणि तिथल्या माणसाने त्याचा पार्किंग मोड चालू ठेवून थेट बॅटरीची लाइन दिली होती.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी मल्टिमीटर लावतो. रात्रभर गाडी बंद राहू द्या. सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक धनावर, काळे ऋणावर धरा. १२.६ किंवा वर असेल तर उत्तम. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.२ च्या खाली वारंवार येत असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा काहीतरी गुपचूप वीज पीत आहे. मग गाडी रेडीत आणा आणि पुन्हा मोजा. आता १४ च्या आसपास आकडा दिसायला हवा. हायब्रिडमध्ये अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारे यंत्र) नसतो, मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर हिला चार्ज करतो. त्यामुळे रेडीतही आकडा १२ वरच अडकला असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही, थेट वर्कशॉप गाठा.

काही मॉडेलमध्ये ही बॅटरी बॉनेटखाली असते, काहींत डिकीत. डिकीत असेल आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडणारे असेल तर बॅटरी उतरल्यावर तिथवर पोचताच येत नाही. अशा गाड्यांत जंप (दुसऱ्या बॅटरीवरून तात्पुरती वीज) देण्यासाठी बॉनेटखाली वेगळे टर्मिनल दिलेले असते. ते कुठे आहे आणि चावीच्या आत लपलेली साधी किल्ली कशी निघते, हे दोन्ही आजच पाहून ठेवा. रात्री टॉर्च तोंडात धरून पुस्तिका वाचायची वेळ कोणावर येऊ नये.

गाडी उभी राहणार असेल तर दोन उपाय. आठवड्यातून एकदा ती अर्धा-पाऊण तास चालवून आणणे हा सगळ्यात चांगला. ते जमत नसेल तर मोकळ्या जागेत तेवढाच वेळ रेडीत ठेवा. नुसते अॅक्सेसरी मोडवर ठेवून गाणी ऐकलीत तर बॅटरी भरायच्या ऐवजी उतरेल. आणि गाडी 'एन' मध्ये ठेवू नका. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही. सिग्नलला न्यूट्रल करायची आपली जुनी सवयही इथे सोडावी लागते.

उतरलेल्या हायब्रिडला दुसऱ्या गाडीची जंप घेता येते. उलट, शेजाऱ्याची गाडी बंद पडली म्हणून आपल्या हायब्रिडवरून जंप देऊ नका. ही लहान बॅटरी आणि तिच्यामागचा कन्व्हर्टर स्टार्टर मोटरचा झटका झेलायला बनवलेले नाहीत. बॅटरी बदलताना त्याच प्रकारची घ्यायची. डिकीत किंवा केबिनमध्ये असेल तर तिच्यातून निघणारा वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडली ना, हे स्वतः पाहा. ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) वापरत असाल तर काम झाल्यावर काढून ठेवा. तोही रात्रभर वीज घेत राहतो.

मोठ्या बॅटरीचा श्वास

मोठ्या बॅटरीला आपण हात लावत नाही, पण तिला गार ठेवणारी हवा बऱ्याच गाड्यांत केबिनमधूनच जाते. मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली प्लॅस्टिकची जाळी दिसेल, तीच ती वाट. तिथे पिशवी टेकवली, चादर पडली, कुत्र्याचे केस बसले की बॅटरी तापते, पंखा जोरात फिरतो, आणि मोटरवर गाडी चालण्याचे प्रमाण घटते. उन्हाळ्यात मायलेज अचानक पडले तर मी आधी ही जाळी पाहतो.

दर तीन-चार महिन्यांनी करायचे काम असे. गाडी बंद करून वरचा क्रम पाळा. जाळीचे आवरण पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे क्लिप सोडवून काढा; ओढाओढ केली तर क्लिप तुटतात आणि मग आवरण खडखडत राहते. आतली बारीक जाळी किंवा फिल्टर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. हवेचा पाइप मारायचा नाही, कारण धूळ आत बॅटरीकडे जाते. ओले फडकेही नको. फिल्टर परत बसवल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. मागे मुले बसतात त्यांना जाळी दाखवून ठेवली आहे. आता दप्तर तिथे टेकले तर धाकटा स्वतःच उचलतो.

ब्रेक: पॅड टिकतात, डिस्क गंजते

हायब्रिडचे पॅड फार काळ टिकतात हे खरे. पण कोकणात पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहिली तर डिस्कवर नारिंगी-तपकिरी थर येतो. साध्या गाडीत तो पहिल्या दोन-चार ब्रेकला निघतो. इथे हलका ब्रेक मोटरच लावते, म्हणून थर राहतो आणि हळूहळू खड्डे पाडतो. उपाय सोपा आहे. गाडी धुतल्यावर किंवा पावसात उभी राहिल्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून पाच-सहा वेळा खंबीर ब्रेक लावा. जोराच्या ब्रेकला पॅड कामाला लागतातच. त्यानंतर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून डिस्क पाहा. कडेला थोडा गंज चालतो, मधला पट्टा चकचकीत हवा.

गाडी आठवडाभर ओल्यात उभी राहणार असेल तर सपाट जागी 'पी' आणि चाकांना ठोकळे पुरतात. पार्किंग ब्रेक तसाच आवळून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात.

ब्रेक ऑइलची टाकी बाहेरूनच पाहायची, झाकण उघडायचे नाही, कारण हे ऑइल हवेतली ओल शोषते. पातळी खाली गेली असेल तर पॅड झिजले किंवा कुठे गळते आहे. वरून भरून ते लपवू नका. पॅड बदलण्याचे काम जुन्या गाडीवर मी डोळे मिटून करत असे, हायब्रिडवर करत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो. नुसता दरवाजा उघडला तरी तो पंप घरघरतो, तुम्ही ऐकलाही असेल. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडा असताना पंप चालला तर पिस्टन बाहेर येतो, आणि त्यात बोट असू शकते. हे काम स्कॅनर असलेल्या माणसाला द्या.

घाटाचे एक सांगायला हवे. हायरायडरच्या मोठ्या बॅटरीत एक युनिट वीजही मावत नाही. कुंभार्लीच्या उतारावर ती भरली की मोटरकडून मिळणारा अटकाव कमी होतो आणि सगळा भार पॅडवर येतो. तिथे गिअर 'बी'त टाका, म्हणजे इंजिनही गाडी धरून ठेवते.

इंजिन ऑइल

डिपस्टिक दर हजार किलोमीटरला पाहा. गाडी चालवून आणा, सपाट जागी बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबा, पट्टी पुसून पुन्हा आत घाला आणि काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. हायब्रिडमध्ये मी वासही घेतो. जवळच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्यांच्या ऑइलमध्ये न जळलेले पेट्रोल उतरते. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर किलोमीटर भरायची वाट पाहू नका. झाकणाच्या आत पांढरट, मलईसारखा थर दिसला तर ती बहुधा साठलेली ओल असते. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर तासभर पळवली की तो जातो. तरीही राहिला किंवा कूलंट कमी होत असेल तर दाखवून घ्या.

बहुतेक गाड्यांत ऑइल बदलण्याचा हिशोब १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा असतो. हायब्रिडवाल्याने 'एक वर्ष' हे शब्द अधोरेखित करावेत. गाडी ४,००० किलोमीटरच चालली म्हणून ऑइल नवे राहत नाही.

वॉरंटी आहे तोवर ऑइल अधिकृत वर्कशॉपमध्येच बदलावे असे माझे मत आहे. वाचणारे पैसे थोडे, आणि उद्या इंजिनचा दावा करायची वेळ आली तर नोंद आपल्या बाजूने बोलते. नंतर घरी करणार असाल तर कृती तीच जुनी. गाडी चालवून गरम करा, बंद करून चावी लांब ठेवा, जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. खालचे आवरण काढा, बोल्ट सोडा, ऑइल वाहू द्या, नवा वॉशर, नवा फिल्टर, फिल्टरच्या रबरला ऑइलचे बोट.

इथे हायब्रिडचा एक सापळा आहे. खाली इंजिनचा बोल्ट असतो तसाच ट्रान्सॅक्सलचाही (हायब्रिडच्या गिअरबॉक्सचाही) असतो, आणि चुकून तो उघडून भलतेच तेल काढून टाकणारे कमी नाहीत. वापरलेले इंजिन ऑइल काळपट निघते. लालसर किंवा स्वच्छ, पातळ तेल आले तर तिथेच बोल्ट बंद करा आणि गाडी सुरू न करता मदत मागवा. ऑइल भरताना पुस्तिकेतला ग्रेडच घ्या. हायब्रिडना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० अशी पातळ ऑइले लागतात, कारण इंजिन दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होते आणि ऑइल क्षणात वर पोचावे लागते. 'आपल्या उकाड्याला जाड बरे' हा सल्ला इथे मानू नका. निघालेले ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या; गटारात सोडलेले ते ऑइल शेवटी नदीत जाते.

कूलंट, फिल्टर, टायर

कूलंटच्या टाक्या बहुतेकदा दोन असतात, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची. गार गाडीवर, झाकण न उघडता, दोन खुणांच्या मध्ये पातळी पाहा. इन्व्हर्टरची पातळी कमी झाली तर भरत बसू नका, दाखवा. नळाचे पाणी कशातच नाही.

एसीचा फिल्टर हे नवशिक्याने पहिले करावे असे काम. ग्लोव्हबॉक्स रिकामा करा, बाजूची दोरी सोडा, दोन्ही कडा आत दाबून तो खाली झुकवा. मागे लांबट झाकण दिसेल. जुना फिल्टर काढताना बाण कुठे होता ते मोबाइलने टिपून ठेवा. इंजिनचा एअर फिल्टर क्लिप सोडून निघतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलके आपटून धूळ झाडायची. बांधकामाच्या धुळीत राहणाऱ्यांनी तो पुस्तिकेतल्या मुदतीआधी बदलावा.

टायरची हवा सकाळी गार असताना, स्वतःच्या मीटरने, दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे. हायब्रिडचे मायलेज हवेच्या बाबतीत फार हळवे असते. चार पाउंड कमी झाले की आठवड्याभरात आकड्यात दिसते. चाक काढले तर नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळा, पान्यावर उभे राहून नव्हे.

आगोटीची कामे

मे महिन्याच्या शेवटी मी एक सकाळ राखून ठेवतो. वायपरचे रबर बदलतो. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकांतला पाला काढतो आणि पेलाभर पाणी सावकाश ओततो. ते गाडीखाली टपकले पाहिजे. तार घालून नळी साफ करू नका, ती आतून निसटली तर पाणी छतातून केबिनमध्ये उतरते. हायब्रिडमध्ये केबिनच्या तळाशी बॅटरी आणि तिच्या वायरी असतात, म्हणून ओला गालिचा इथे क्षुल्लक गोष्ट नाही. गाडी धुणाऱ्याला बॉनेटखाली प्रेशरचा पाइप मारू देऊ नका. गाडी देतानाच सांगा, आणि शक्य असेल तर समोर उभे राहा.

उंदरांचा त्रास पाऊस सुरू झाला की वाढतो. गावी गाडी उभी असली की मी रोज सकाळी बॉनेट उघडून लेंड्या, कुरतडलेला फोम, पाला पाहतो. बारीक वायर कुरतडलेली दिसली तर मेकॅनिक पुरतो. नारिंगी आवरणावर दाताची एक खूण दिसली तरी गाडी सुरू करायची नाही, टेप गुंडाळायची नाही, कंपनीच्या मदतीला फोन करायचा. वर्षातून एकदा मोठ्या बॅटरीची तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्ये करून घ्या आणि तिचा कागद जपा. टोयोटा आणि मारुती दोघांचीही या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे.

आणि पुराचे पाणी. चिपळूणच्या माणसाला २२ जुलै २०२१ वेगळा सांगावा लागत नाही. पाणी चढण्याची शक्यता दिसताच गाडी उंचावर नेऊन ठेवा. पाणी सीटपर्यंत गेले असेल तर ओसरल्यावरही पॉवर बटण दाबून पाहू नका, १२ व्होल्टची बॅटरी काढायला आत वाकू नका. टोइंगवाल्याला आल्या आल्या सांगा की हायब्रिड आहे, पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढायची नाही. पुढची चाके फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. पुढची चाके उचलून, किंवा त्याहून चांगले म्हणजे पूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यायला लावा, आणि तसा ट्रक येईपर्यंत थांबा.